मदत हवी आहे : शब्द सुचवावा की थांबावं?

नवऱ्याला ७ आठवड्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, त्यामुळे उजवा हात लुळा पडलाय आणि बोलणं अडखळतं. समजतं सगळं, शब्द तेवढा ओठांवर येत नाही. काल चष्मा हवा होता, तर चार वेळा ‘किल्ली’ म्हणाले आणि शेवटी उशीच भिरकावली. गाण्याची ओळ मात्र अख्खी म्हणतात, हे एक नवलच!

स्पीच थेरपी, फिजिओथेरपी चालू आहे. पण घरी ते शब्द शोधत असताना मी सुचवावा की गप्प बसून वाट बघावी? सुचवला तर चिडतात, नाही सुचवला तर डोळे भरून येतात. शर्टाच्या बटणांचंही तेच. कुणी यातून गेलंय का? तुम्ही काय करत होतात?