फोटोतले हिरवट पट्टे: ढग की दुसरं काही?

शाळूचं_रान: मंगळवेढ्याच्या आमच्या रानात मे महिन्यातल्या अमावस्येला रात्री दीडच्या सुमारास फोटो काढत होतो. 14 मिमी लेन्स, एफ 2.8, 25 सेकंद, आयएसओ 3200. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. पण ईशान्येकडच्या फोटोंत फिकट हिरवे समांतर पट्टे आलेत, पेरणीच्या तासांसारखे. वडील म्हणतात ढग. मला पटत नाही, कारण पट्ट्यांतूनही चांदण्या तेवढ्याच ठळक आहेत. अकरापर्यंत त्याच बाजूला वळिवाच्या विजा चमकत होत्या.

जुळे_सोलापूर: गुरुत्व लहरी असतील का? हिंगोलीला त्या टिपणारी लायगो वेधशाळा उभारतायत, त्याच?

रात्रपाळी: त्या नव्हेत. लायगोच्या लहरी अवकाश-काळाच्या, या आपल्या हवेच्या. वळिवाचा ढग उसळून वरच्या स्थिर थराला धडकतो. वर ढकललेली हवा जड म्हणून खाली येते, जास्तच खाली जाते, पुन्हा वर उसळते. हे हेलकावे वर चढताना हवा विरळ होत जाते तसे मोठे होतात. साधारण 97 किलोमीटरवर घनता जमिनीलगतच्या दहा लाखाव्या हिश्श्याएवढीच उरते. दिवसा उन्हातल्या अतिनील किरणांनी ऑक्सिजनचे रेणू फुटून सुटे झालेले अणू तिथं रात्री पुन्हा जोडले जातात आणि त्या ऊर्जेतून 557.7 नॅनोमीटरचा हिरवा उजेड निघतो. लहरीबरोबर हवा दाबली-विरळली की हा उजेड कमीजास्त होतो, तेच तुमचे पट्टे. कोल्हापूरला भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या केंद्रातून अशा लहरी टिपल्या गेल्यात.

चांदण्यांचं तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे. ढग असता तर त्या मंदावल्या असत्या. पट्टे क्षितिजापासून 45 अंश वर असतील तर तुम्ही धाराशिवच्या वरचा थर पाहत होता! हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे 10 अंशांची होते. दोन पट्ट्यांत किती मुठी? आणि लागोपाठच्या फोटोंची वजाबाकी करून बघा. तारे जवळपास पुसले जातात, लहर उरते.

शाळूचं_रान: केली! अंगावर काटा आला. पट्टे 45 अंशांवरच आहेत, दोघांत एक मूठ, आणि ते आमच्याकडे सरकतायत. एका पट्ट्याच्या जागी दुसरा यायला 12 मिनिटं लागली.

रात्रपाळी: म्हणजे लहरीची लांबी सुमारे 35 किलोमीटर, वेग सेकंदाला जवळपास 50 मीटर. विजांच्या बाजूनंच येतायत, उगम तोच वळीव असावा. मूळ फाइली अजिबात पुसू नका.

शाळूचं_रान: उद्या पुन्हा जातोय. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) किती ठेवू? पूर्वेला सोलापूरचा पिवळा उजेड येतो.

रात्रपाळी: 4000 केल्विनवर पक्का ठेवा, ऑटो नको. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलीत) काढा, आणि निघण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवा.