सिमेंट बोर्डाची भिंत आपल्या हाताने चढवलेल्यांचे अनुभव

गोधनी, शिलाईची खोली

घरामागे माझी शिलाईची खोली आहे, १२ बाय १० फुटांची. चौकोनी लोखंडी पाइपचा सांगाडा आणि त्याला बाहेरून पत्रा, एवढंच बांधकाम. नागपूरचा मे महिना इथल्यांना समजावून सांगायला नको. दुपारी तीननंतर पश्चिमेच्या पत्र्याला हात लावता यायचा नाही, कूलर समोर असूनही मशीनवर बसवत नसे. म्हणून या मार्चमध्ये मी आणि माझ्या दिराने त्या भिंतीवर फायबर सिमेंटचे बोर्ड, म्हणजे सिमेंटमध्ये तंतू मिसळून केलेले पातळ तक्ते, चढवले. एवढ्याशा कामाला मिस्त्री यायला तयार नव्हता. दक्षिणेची भिंत अजून बाकी आहे. ती सुरू करण्याआधी, ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी आपलं काय जमलं, काय फसलं ते लिहावं अशी मनापासून विनंती. आधी माझं सांगते.

८ बाय ४ फुटांचा, १० मिमी जाडीचा बोर्ड ४० किलोच्या आसपास भरतो. ८ मिमीचा घेतला तर साधारण ३२. दोघांना उचलायला हे वजन फार नाही, पण बोर्ड कसा धरला यावर सगळं अवलंबून असतं. टेम्पोतून उतरवताना तो आडवा, खाटेसारखा दोन टोकांना धरला आणि पहिलाच बोर्ड मधोमध मोडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर कळलं की हा बोर्ड नेहमी उभा, धारेवर धरून न्यायचा. ठेवताना मात्र सपाट, खाली दीड-दीड फुटावर सारख्या उंचीच्या पट्ट्या देऊन. दोन टोकांना दोन विटा दिल्या तर आपल्याच वजनाने तो झोळ खातो.

दुसरी चूक चढवताना. दीर बोर्ड पेलून उभा, मी स्टुलावर ड्रिल घेऊन. तिसऱ्या स्क्रूपर्यंत त्याचे हात थरथरायला लागले आणि बोर्ड एका बाजूने सरकला. सगळं उतरवलं. मग पाण्याच्या नळीने जमिनीपासून ६ इंचांवर दोन्ही टोकांना खुणा केल्या, सूत मारलं आणि त्या रेषेवर एक सरळ लाकडी पट्टी पाइपांना क्लॅम्पने आवळली. बोर्ड त्या पट्टीवर टेकवला की वजन पट्टी घेते, माणसाने फक्त तो मागे दाबून धरायचा. उरलेले दोन बोर्ड एका सकाळी लागले. एवढी साधी पट्टी पहिल्या दिवशी का सुचली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या ६ इंचांबद्दलही सांगते. बोर्ड जमिनीला टेकवायचा नसतो. पावसाचे शिंतोडे आणि जमिनीची ओल खालची धार शोषून घेते आणि वर्षा-दोन वर्षांत ती फुगायला लागते. पत्रा आणि बोर्ड यांच्यात एक इंची पाइपची पोकळी ठेवली आहे, खालून-वरून उघडी, म्हणजे गरम हवा वर निघून जाते. खालच्या फटीला बारीक जाळी मारली. आमच्याकडे पावसाळ्यात विंचू निघतात.

दिघोरी, गच्चीवरची खोली

ताई, तुमच्या पट्टीला माझा नमस्कार. आम्ही तिघं भाऊ होतो तरी आमचा दम निघाला होता.

माझी अडचण वेगळी. दोन बोर्डांचा सांधा जिथे येतो तिथेही मी एक इंची पाइपच उभा केला होता. आता हिशेब करा. पाइप २५ मिमी, मधे ३-४ मिमी फट, म्हणजे प्रत्येक बोर्डाला टेकायला जेमतेम १०-११ मिमी. स्क्रू मात्र धारेपासून निदान १२ मिमी आत हवा. तो बसणार कुठे? मी धारेलगतच मारले, आणि सहा-सात ठिकाणी टवके उडाले. शेवटी सांध्याच्या प्रत्येक पाइपला दुसरा पाइप चिकटवून वेल्ड करून घेतला. सुरुवातीलाच सांध्यावर दोन इंची पाइप लावला असता तर हे करावं लागलं नसतं. कोपऱ्यापासून तर ५० मिमी दूर राहा, आणि आधी बारीक भोक पाडूनच स्क्रू घाला. डोकं बोर्डाच्या पातळीत आलं की थांबा, आणखी दाबलं की आत खड्डा पडतो आणि पकड जाते.

आणि काळे स्क्रू बाहेर वापरू नका. फॉल्स सिलिंगवाले वापरतात ते घरात उरले होते, म्हणून मीही लावले. गणपतीपर्यंत प्रत्येक स्क्रूखाली तपकिरी ओघळ आला. मग इतवारीच्या लोहा ओळीतून गॅल्व्हनाइज्ड आणले आणि एकेक करून सगळे बदलले. त्यात दोन रविवार गेले.

वाडी, गोठा

मी बोर्ड नाही, काँक्रीटचंच काम केलं. कंपाउंडला लावतात त्या प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून तयार केलेल्या, पाट्या आणि खाचेचे खांब. गोठ्याच्या तीन बाजू बंद केल्या.

७ फूट लांब, १ फूट उंच, २ इंच जाडीची एक पाटी ७५ ते ८० किलोची होते. खालच्या तीन ओळींपर्यंत आम्ही दोघं बापलेक हसत-खेळत होतो. चौथ्या ओळीपासून पाटी खांद्याच्या वर न्यायची आणि वरून खाचेत सोडायची, तिथे खरं काम सुरू झालं. पाचवी पाटी एका टोकाने खाचेत गेली, दुसरं टोक अडलं, मी खालून ढकलायला बोट घातलं आणि पाटी सुटली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख गेलं, टोकाचं हाड पिचलं. दीड महिना धार काढता आली नाही, म्हशी पोराने सांभाळल्या.

त्यानंतर तीन बल्ल्यांची तिकाटणी केली, वर चेन पुली टांगली, पाटीला दोन ठिकाणी दोर घेतला आणि सावकाश एकेक वर नेली. पुली दिवसाच्या भाड्याने मिळते, पैसेही फार लागत नाहीत. पहिल्या दिवशीच आणायला पाहिजे होती. माझा पोरगा तेव्हा पलीकडच्या टोकाला उभा होता. ती पाटी त्याच्या बाजूला सुटली असती तर, हा विचार आजही रात्री येतो. म्हणून सांगतो भाऊ, ८० किलोची वस्तू डोक्याच्या वर न्यायची असेल तर दोन माणसं म्हणजे माणसं नाहीतच असं समजा. चार माणसं बोलवा, नाहीतर पुली आणा.

खांबांचंही एक ऐका. पहिला खांब ओळंब्यात नसेल तर दुसऱ्या खांबाच्या वेळी कळत नाही, पाट्या सोडताना कळतं. वर अंतर कमी, खाली जास्त, आणि पाटी मधेच अडकते. खांब गाडून काँक्रीट भरल्यावर निदान आठवडाभर त्याला हात लावू नका, रोज पाणी मारा. मी तिसऱ्या दिवशी पाट्या सोडल्या आणि एक खांब कलला.

हिंगणा रोड, दुकानाचा दर्शनी भाग

इथे धुळीबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. माझे वडील गिट्टीच्या क्रशरवर होते. त्यांना सिलिकोसिस झाला. छातीत गेलेली ती बारीक धूळ परत निघत नाही आणि झालेलं नुकसान कोणतंही औषध भरून काढत नाही. वर क्षयाचा धोका वाढतो. आमच्या घराने ते बघितलंय.

फायबर सिमेंटच्या बोर्डात सिमेंटसोबत सिलिका असते. हातग्राइंडरने कोरडा कापला की पांढरा ढग उठतो, तीच ही धूळ. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याने ती अडत नाही. निदान एन-९५ मास्क लावा, आणि तो गालाला घट्ट बसला पाहिजे. मी ग्राइंडर जवळजवळ वापरलाच नाही. कार्बाइडच्या टोकाच्या सुरीने लोखंडी पट्टी धरून एकाच रेषेवर सात-आठ वेळा ओरखडा काढायचा, रेषेखाली पट्टी द्यायची आणि दाबायचं. ८ मिमीपर्यंतचा बोर्ड सरळ तुटतो, धार कानसने घासून घ्यायची. खिडकीसारखा कट असेल तिथे ग्राइंडर लागतोच, तेव्हा शेजाऱ्याला बाटलीने सतत पाणी सोडायला सांगितलं, आणि शॉक लागू नये म्हणून बॅटरीवरचा ग्राइंडर आणला. काम झाल्यावर कोरडा झाडू मारायचा नाही. पाणी शिंपडून चिखल उचलायचा. आणि लहान लेकरं अंगणात नकोत.

जुने सिमेंटचे पत्रे काढून त्या जागी बोर्ड लावत असाल तर ते जुने पत्रे कापू नका, फोडू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतू, असण्याची शक्यता फार मोठी. ओले करून अख्खेच उतरवा.

काटोल रोड, शेतातलं मोटारघर

आमचं शेत काळ्या मातीचं. ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते, बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. मोटारघराचा सांगाडा मी दीड फूट खड्डे करून उभा केला आणि त्यावर बोर्ड मारले. पहिल्या मेमध्येच एक कोपरा बसला. बोर्ड वाकत नाही ना, तो सरळ चिरला. पत्रा असता तर नुसता वाकला असता.

दुसऱ्यांदा मुरूम लागेपर्यंत खणलं, आमच्याकडे ते चार फुटांवर लागलं, आणि चारही पाय तिथून उचलले. आता तीन उन्हाळे झाले, चीर नाही. बोर्ड घेण्याआधी जमीन पाहा, एवढंच माझं म्हणणं.

मानेवाडा

मी स्थापत्य अभियंता आहे, घरी पार्किंगच्या मागची भिंत बोर्डांची केली. वजनाबद्दल सगळे बोलताहेत, मला वाऱ्याबद्दल बोलायचंय. आपल्याकडे मे-जूनमध्ये वावधन, म्हणजे वादळी वारा, सुटतं तेव्हा काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. दाब काढायचं सूत्र सोपं आहे, वेगाचा वर्ग गुणिले ०.६. म्हणजे चौरस मीटरला ११६० न्यूटन, साधारण ११८ किलोचा जोर. एका पूर्ण बोर्डाचं क्षेत्रफळ ३ चौरस मीटरच्या जवळ, म्हणजे साडेतीनशे किलो. उंची आणि आजूबाजूचा आडोसा बघून हा आकडा बदलतो, बुटक्या खोलीला बराच कमी येतो. पण वारा बोर्डाला नुसता आत ढकलत नाही, कोपऱ्यांवर बाहेरही ओढतो. ४० किलोची वस्तू आपल्या वजनानेच जागेवर राहील हा समज म्हणूनच खोटा आहे.

पाइप दोन-दोन फुटांवर, कडेच्या पाइपांवर २०० मिमीला एक स्क्रू, मधल्यावर ३०० मिमीला. एका बोर्डाला ३४-३५ स्क्रू होतात. लोक बारा मारून मोकळे होतात.

खरेदी करताना बोर्डावर भारतीय मानक १४८६२ आणि टाइप ए छापलेलं पाहा. टाइप ए बाहेरच्या ऊन-पावसासाठी, टाइप बी आतल्या कामासाठी. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात आणि दिसायला सारखेच.

महाल

फक्त सांध्यांबद्दल. फटीत सिलिकॉन भरू नका, त्यावर रंग धरत नाही. पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरा. आणि फट ठेवाच. भर उन्हात बोर्ड एकमेकांना भिडवून लावलेले मी स्वतः उचकटून पुन्हा लावले आहेत.

नंदनवन, मागच्या अंगणातली खोली

मी हे काम एकटीने केलं. घरात मदतीला कोणी नव्हतं, मुलगी बाहेरगावी असते. पूर्ण बोर्ड मला पेलणारच नव्हता, म्हणून मी बोर्ड घेतलेच नाहीत. त्याच मालाच्या लांब फळ्या मिळतात, साधारण १० फूट लांब, साडेसात इंच रुंद, ८ मिमी जाड. एक फळी सहा-साडेसहा किलोची. खालून वर, प्रत्येक फळी खालच्या फळीवर सव्वा इंच चढवत न्यायची, म्हणजे पाणी आत शिरत नाही आणि उभ्या सांध्यांची झंझट कमी होते.

एकटीला त्रास वजनाचा नव्हता, लांबीचा होता. एक टोक धरलं की दुसरं खाली लोंबायचं आणि फळी धनुष्यासारखी वाकायची. दोन दिवस त्यात गेले. मग मी लाकडाचे दोन कप्पे बनवले, उलट्या प्रश्नचिन्हासारखे. खालचा आकडा लागलेल्या फळीच्या खालच्या धारेत अडकतो, वरच्या खाचेत नवी फळी बसते. दोन्हींमधलं अंतर मोजून ठेवलं की चढाव प्रत्येक ओळीत आपोआप सव्वा इंच येतो, पुन्हा पट्टी लावायला नको. दोन टोकांना दोन कप्पे अडकवले, फळी ठेवली, हात मोकळे. मग शांतपणे स्क्रू.

पहिल्या फळीखाली मात्र त्याच फळीची दीड इंच रुंद पट्टी कापून लावावी लागते. नाहीतर पहिली ओळ सपाट बसते आणि वरच्या सगळ्या तिरप्या, लांबून लगेच दिसतं. वाकडी गेलेली ओळ सूत मारल्यावर लगेच कळते, म्हणून मी दर चार ओळींनी सूत मारत गेले. सकाळी सहा ते नऊ, रोज तेवढंच. सतरा दिवस लागले. शेवटची फळी लावली त्या दिवशी मी अंगणात खुर्ची टाकून अंधार पडेपर्यंत तिच्याकडे बघत बसले होते.

गोधनीहून पुन्हा

सगळं दोनदा वाचलं. टेप घेऊन बाहेर जाऊन आले. माझ्याही दोन्ही सांध्यांवर एक इंची पाइपच आहे. टवके उडाले नाहीत, पण स्क्रू धारेपासून ९-१० मिमीवर आहेत, आणि एका बोर्डाला मोजून १८ निघाले. वावधनाच्या आधी वेल्डिंगवाल्याला बोलावून पाइप जोडून घेते आणि बाकीचे स्क्रू मारते. वाडीचे काका, तुमचं बोट आता बरं आहे ना?

खोलीत काय फरक पडला तेही लिहिते. पश्चिमेच्या पत्र्याला आता आतून हात लावता येतो, चारच्या सुमाराला कोमट लागतो. दक्षिणेचा अजून तसाच तापतो.

त्या भिंतीला मी आता फळ्याच लावणार. दिराची बदली झाली आहे, मीही एकटीच असेन. नंदनवनच्या ताई, ते दोन कप्पे आठवडाभरासाठी द्याल का? तुमच्याकडे येऊन घेऊन जाईन, आणि तुमची भिंतही बघेन.