‘चाइल्डहुड ट्रॉमा’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘इमोशनल रेडिनेस’ला?

कृष्णाकाठ (सांगली):
एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी एक प्रश्नावली मराठीत आणतेय. बालगृहात, वस्तीत क्षेत्रकार्याला जाण्याआधी आपल्या लहानपणाचं काय काय अजून मनात आहे आणि या कामाला आपलं मन कितपत तयार आहे, हे त्यांचं त्यांनाच कळावं म्हणून. ‘बालपणीचे आघात’ आणि ‘भावनिक सज्जता’ असे शब्द घालून काही जणांना भरायला दिली. एका मुलीनं आघातापुढे ‘नाही’ लिहिलं. नंतर बोलता बोलता म्हणाली, “वडील पिऊन यायचे, आई मार खायची, आम्ही भावंडं कणगीमागं लपायचो. पण मॅडम, आघात असा काही झाला नाही.” (तिला विचारूनच लिहितेय.) तिच्या लेखी आघात म्हणजे घरातलं कुणी अचानक जाणं. जे रोजचंच होतं त्याला ती आघात कशी म्हणेल? वाचून तिला ‘हो’ म्हणता येईल असा शब्द हवाय. ‘सज्जता’लाही काही सुचवा.

शब्दसाधक:
आघात शब्दात काहीच खोट नाही. आ + हन्. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत रूढ आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो कळत नसेल तर शिकवावा, शब्द का बदलायचा? फारच वाटलं तर ‘मनोघात’ करा.

मिरजवाला:
मनोघात ऐकलं की आत्मघात आठवतो. आणि घात म्हटलं की कुणीतरी दगा दिला असं वाटतं. सरळ ‘ट्रॉमा’ लिहा ना, ताई. पोरं बोलताना तेच म्हणतात.

कृष्णाकाठ:
शहरातली म्हणतात. आटपाडी, कवठेमहांकाळकडून येणाऱ्यांनी ट्रॉमा हा शब्द हायवेलगतच्या दवाखान्याच्या पाटीवर वाचलेला असतो. त्यांच्या डोळ्यासमोर अपघाताचा वॉर्ड येतो. म्हणजे पुन्हा तेच.

पाटणखोरे (सातारा):
आमच्याकडचा शब्द ‘धसका’. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माझी आत्या लहान होती. अजून रात्री दाराला आतून कडी लावून झोपत नाही. घरात सगळे म्हणतात, तिनं धसका घेतलाय. हे कुणाला शिकवावं लागत नाही. शब्द ‘धसणे’वरून आलाय, जमीन धसते तसं मन आत धसतं.

शब्दसाधक:
ही व्युत्पत्ती ऐकायला छान आहे, पण पटत नाही. छातीत ‘धस्स’ होतं, त्या ध्वनीवरून धसका. जमिनीचा संबंध नाही.

पाटणखोरे:
मग धस्स तरी कुठून आलं? आमच्या खोऱ्यात दरड सुटताना जवळून ऐका, मग सांगा संबंध नाही म्हणून.

जतची लेक:
धसका एखाद्या प्रसंगाचा बसतो. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की कोयता निघायचा, आम्ही आजीजवळ. कुणी मारलं नाही, घरात कुणी गेलं नाही. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, आम्हाला विचारणारं कुणी नसायचं एवढंच. याला आमच्याकडं ‘आबाळ’ म्हणतात. पुढं एमएसडब्ल्यूला असताना साखरशाळेत, ऊसतोडवाल्यांच्या पोरांच्या शाळेत, गेले. एक पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली. तिच्याशी बोलून आले आणि त्या दिवसाचं रेकॉर्डिंग, म्हणजे क्षेत्रकार्याचा अहवाल, लिहायला बसले, तर हात चालेना. सुपरवायझरना वाटलं, मी आळस केला. माझ्याकडं तेव्हा त्याला शब्दच नव्हता, नाहीतर सांगितलं असतं.

कृष्णाकाठ:
ताई, हेच मला हवं होतं. फेलिट्टी आणि अँडा या अमेरिकी डॉक्टरांच्या १९९८च्या निबंधात लहानपणच्या प्रतिकूल अनुभवांत मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातलं व्यसन वगैरे होतं. शारीरिक आणि भावनिक उपेक्षा नंतर आली, तेव्हा यादी दहावर गेली. आघात हा शब्द पहिल्या यादीपुरता कसाबसा पुरतो. ज्या पोराच्या वाट्याला काही ‘घडलं’च नाही, फक्त जे मिळायला हवं ते मिळालं नाही, ते या शब्दाबाहेर राहतं.

शब्दसाधक:
मुद्दा मान्य. पण आबाळ होते ती खाण्यापिण्याची. मनाची ती उपेक्षा.

जतची लेक:
उपेक्षा कागदावर ठीक. आजी मात्र म्हणायची, “पोटाची न्हाई, जिवाची आबाळ झाली पोरांची.”

मिरजवाला:
‘सज्जता’ तर नकोच. २०१९च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हापासून सांगलीत सज्जता म्हटलं की बोटी आणि लाइफ जॅकेट. ‘मनाची तयारी’ म्हणा.

जतची लेक:
‘तयारी आहे का’ विचारलंत तर सगळे ‘आहे’ लिहितील. ‘नाही’ लिहिलं तर फिल्डवर्कचे मार्क जातील ही भीती असते. नावच देऊ नका. असं विचारा: ‘कुणाचं ऐकताना तुम्हाला स्वतःचं आठवतं का? तेव्हा काय करता? त्यानंतर बोलायला कोण आहे?’ आणि शेवटचं उत्तर ‘कुणी नाही’ आलं तर कॉलेज काय करणार, ते आधी ठरवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ तरी फॉर्मवर छापा.

रानवाट (वाई):
उशिरा वाचतेय. आमच्याकडं अशा मुलाला ‘कोळपलेलं’ म्हणतात. मरत नाही, पण वाढ खुंटते. आघात आणि आबाळ दोन्ही यात बसतं. कोळपणी केली की तण उन्हात कोळपतं, त्यावरून.

शब्दसाधक:
नाही, हे दोन वेगळे शब्द. कोळपं हे अवजार, त्यावरून कोळपणी. उन्हानं कोळपणं त्याच्याआधीचं, कोळशाच्या जवळचं.

पाटणखोरे:
कोळसा कशाला मध्ये? अवजार आधी आलं. शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द आहे हा.

कृष्णाकाठ:
‘कोळपलेलं’ मनाला लागतं, पण मुलीनं स्वतःबद्दल ते फॉर्मवर लिहावं का? आणि तयारीचं ताईंनी सांगितलंय ते घेऊ का? सोमवारी छापायला द्यायचंय.

रानवाट:
मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात ‘कोळपणे’चे दोन्ही अर्थ वेगळे दिलेत की एकाखाली, कुणाकडे १८५७ची आवृत्ती आहे का?

शब्दसाधक:
आहे. रात्री पाहून सांगतो. पण वेगळेच निघतील.