लेखक सरांना भेटायला जायचंय, काय तयारी करू?

शाईचा_डाग: नमस्कार मंडळी. एका ज्येष्ठ कथाकारांनी येत्या रविवारी घरी बोलावलंय, तासभर बसू म्हणालेत. माझ्याकडे आठ कथा पडून आहेत आणि कादंबरीची तीन प्रकरणं, सगळंच घेऊन जाऊ का? एखादी कथा दिवाळी अंकाला पाठवायचंही डोक्यात आहे. जाम टेन्शन आलंय, समोर गेलो की माझी बोबडी वळते.

रिकामी_वही: अहो एका तासात आठ कथा कोण वाचणार! एकच द्या, आणि तीही उद्याच पोचती करा. पीडीएफ व्हॉट्सॲपवर ढकलू नका, प्रिंट काढा, १४ पॉइंटचा फाँट, ओळींत मोकळी जागा आणि समास चांगला रुंद, म्हणजे त्यांना पेन्सिलीने खुणा करता येतील. आणि ‘कशी वाटली?’ विचारलंत की ‘छान, लिहीत राहा’ एवढं ऐकून चहा पिऊन परत याल. नेमकं विचारा, समजा कथेत बहीण परत येत असेल तर ते आधीच कळतं का, कुठे कंटाळा आला, कुठलं पात्र नसतं तरी चाललं असतं.

मधली_सुट्टी: प्रश्न ठीक, पण प्रश्नपत्रिका काढून बसू नका, त्यांना आपणहून काय खटकलंय ते आधी बोलू द्या. ‘सत्यकथा’ मासिकात श्री. पु. भागवत, राम पटवर्धन हे संपादक लेखकाला कथेत काय जमलं नाही ते सविस्तर कळवायचे आणि लोक पुन्हा लिहायचे, ते मासिक १९८२ मध्ये बंद पडलं, आता तसं वाचून सांगणारं माणूस भेटलंय तर वाद घालत बसू नका. ‘नाही सर, मला तिथे असं म्हणायचं होतं’ हे तर अजिबात नको, म्हणायचं होतं ते कागदावर कुठंय? फक्त उपाय लगेच मान्य करायची घाई नको. शेवट बदला म्हणतील, पण घोळ बऱ्याचदा पहिल्या दोन पानांतच असतो, तो घरी येऊन तुम्हालाच शोधायचाय.

कोपऱ्यातली_खुर्ची: एक पान मोठ्याने वाचू का विचारा, संवाद कुठे पुस्तकी झालेत ते आपलं आपल्यालाच ऐकू येतं. रेकॉर्डिंग परवानगी घेऊनच. बाहेर पडल्यावर बसस्टॉपवरच आठवेल ते सगळं लिहून काढा, रात्रीपर्यंत निम्मं उडतं. आणि पहिल्याच भेटीत संपादकाकडे शब्द टाका म्हणू नका प्लीज, फार अवघडल्यासारखं होतं त्यांना. दिवाळी अंकवाले बरेच जण जुलै-ऑगस्टपर्यंत साहित्य मागवतात, ते तुम्ही परस्पर पाठवू शकता.

शाईचा_डाग: खूप आभार सगळ्यांचे. एक कथा काढलीये, पण घोळ असा की ती सरळसरळ त्यांच्याच वळणाची वाटते. दुसरी नेऊ?

मधली_सुट्टी: तीच न्या. त्यांच्याइतकं लवकर कोणाला कळणारे, कुठपर्यंत ते आणि कुठून तुम्ही!