‘फंक्शनल फिटनेस’ला मराठीत काय म्हणावे?

सुरूबन (दापोली):
मी भौतिकोपचार करते. सध्या तालुक्यातील शाळकरी कबड्डीपटूंसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी व्यायामाची एक माहितीपत्रिका मराठीत आणते आहे आणि तिच्यातील दोन संज्ञांपाशी अडले आहे. ‘फंक्शनल फिटनेस’ म्हणजे उठणे, वाकणे, ओझे उचलणे, घाटी चढणे ही रोजची कामे न दुखता आणि धाप न लागता करता येण्याची ताकद. ‘स्पोर्ट स्पेसिफिक स्ट्रेंग्थ ट्रेनिंग’ म्हणजे एखादा खेळ शरीराकडे नेमके जे मागतो, त्यासाठी बळ वाढवणे. दुसऱ्या संज्ञेला मी ‘खेळविशिष्ट बलसाधना’ आणि पहिलीला ‘कार्यात्मक तंदुरुस्ती’ असे लिहिले. हा मजकूर हर्णै बंदरावर मासळी विकणाऱ्या एका मावशींना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी विचारले, “कोणाकडे कार्य आहे?” आपल्याकडे घरात कार्य आहे म्हणजे लग्न किंवा मुंज आहे, हे लिहिताना माझ्या ध्यानातच आले नव्हते. ज्यांच्यासाठी पत्रिका आहे, त्यांनाच शब्द परका वाटत असेल तर तो बदलायलाच हवा. आपण काय सुचवाल?

जांभा (रत्नागिरी):
ताई, मावशींचे बरोबरच आहे, परंतु दोष ‘कार्य’ या शब्दाचा नाही. ‘आत्मक’ हे उत्तरपद ‘त्या स्वरूपाचे’ असा अर्थ देते. आपल्याला ‘कामासाठी उपयोगी’ असे म्हणायचे आहे, आणि तो अर्थ त्यातून निघत नाही. ‘कार्यक्षमता’ हा शब्द कचेऱ्यांनी आणि यंत्रांनी केव्हाच घेऊन टाकला आहे. शिवाय ‘तंदुरुस्ती’ फारसी आहे, ‘तन’ आणि ‘दुरुस्त’ यांपासून झालेली. तिला ‘कार्यात्मक’ हे संस्कृत विशेषण जोडणे मला रुचत नाही. ‘फिटनेस’ तर नकोच, कारण ‘फिट येणे’ याचा घरोघरी अर्थ अपस्माराचा झटका असा आहे. ‘दैनंदिन क्रियाक्षमता’ हा शब्द निर्दोष आहे.

तिसरी चढाई (चिपळूण):
गुरुजी, आपल्याविषयी आदर ठेवून सांगतो की ‘दैनंदिन क्रियाक्षमता’ माझ्या एकाही खेळाडूच्या तोंडी बसणार नाही. फारसीचा आक्षेप लावायचा तर आखाड्यात काय उरेल? तालीम अरबी, मेहनत अरबी, जोर फारसी. कसरतही अरबीच, तिचा मूळ अर्थ विपुलता, आणि एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणे यापेक्षा कसरत वेगळी काय असते?

मला खरी काळजी ‘खेळविशिष्ट’ या शब्दाची वाटते. तो वाचून मुले खेळाची नक्कल करू लागतात. पायाला वजन बांधून लाथेचा सराव करणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांची लाथ संथ होते आणि गुडघा दुखू लागतो. कबड्डीत चढाई 30 सेकंदांची असते. घोट्याची पकड बसली आणि अंगावर तिघे पडले, तरी मध्यरेषेपर्यंत शरीर फरफटत न्यायचे असते. त्यासाठी मांडीचे आणि कमरेचे बळ लागते, ते झटक्यात वापरता यावे लागते, आणि 20 मिनिटांच्या दोन डावांत पुन्हा पुन्हा उभे करावे लागते. हे बळ साध्या बैठकांनी आणि वजन उचलण्यानेही वाढते. म्हणून मी ‘खेळपूरक बळ’ म्हणेन. मल्लखांबाकडे पाहा, त्याच्या नावातच मल्ल आहे. तो मल्लांच्या तयारीसाठी होता आणि पुढे स्वतःच एक खेळ झाला.

वल्हेकरी (मालवण):
दादा, ‘खेळपूरक’ मला पटले. परंतु ताईंचा मूळ प्रश्न पहिल्या शब्दाचा आहे, आणि तिथे आधी काम कोणाचे हे ठरवावे लागेल. माझे आजोबा रापणीला जात. जाळे होडीने अर्धगोलात टाकायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून, टाचा वाळूत रोवून, मागे सरकत ओढायचे. हे त्यांचे रोजचे काम होते, म्हणून ती त्यांची ‘क्रियाक्षमता’; परंतु त्यांच्या पाठीची घडण इतकी त्या एका ओढीसाठी झाली होती की तिला खेळपूरकही म्हणता येईल.

आमच्याकडे अशा माणसाला ‘काटक’ म्हणतात आणि व्यायामशाळेतल्या शरीराला ‘कमावलेले’. कातडे कमावतात, तसेच शरीरही कमावतात. त्याच्या जोडीला ‘राबते अंग’ ठेवून पाहा. माझ्या मते ‘काटक’ हा ‘काटकी’वरूनच आला असावा, बारीक पण चिवट.

जांभा (रत्नागिरी):
‘काटकी’ तर चटकन मोडते, म्हणून ही व्युत्पत्ती मला मान्य नाही. मात्र आपण दोराचा विषय काढलात, त्यावरून सांगतो. ‘व्यायाम’ या शब्दात वि, आ आणि यम् आहेत, म्हणजे ताणणे, पसरणे. दोन्ही हात आडवे पसरल्यावर होणाऱ्या अंतराला अमरकोशात ‘व्याम’ म्हटले आहे, आणि आपल्या खलाशांचा पाण्याची खोली मोजण्याचा ‘वाव’ त्यातूनच आला आहे. ‘व्याम’ हे ‘व्यायाम’चेच आकसलेले रूप आहे, असे माझे ठाम मत आहे.

तिसरी चढाई (चिपळूण):
अक्षरे जुळली म्हणून शब्द एक होत नाहीत, गुरुजी.

सुरूबन (दापोली):
सर्वांचे आभार. ‘खेळपूरक बळ’ मी घेते आहे. ‘राबते अंग’ मला मनापासून आवडले, परंतु ज्या आजींचे गुडघे राबूनच झिजले आहेत, त्यांच्यापुढे तो शब्द ठेवताना हात अडखळतो. आमच्या शास्त्रात 30 सेकंदांत हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता येते, हे मोजतात. आमच्या आजी विळीवरून उठतात, आणि ते खुर्चीवरून उठण्याहून कितीतरी कठीण आहे. तिला जे हवे आहे, त्याला ती स्वतः काय म्हणेल, हे मी शोधते आहे. मजकूर सोमवारी छपाईला द्यायचा आहे.

खळ्यातला (वेंगुर्ले):
ताई, आमची आजी “अंग चालते आहे” एवढेच म्हणते. त्याचे नाम कसे करावे ते मात्र सुचत नाही. गुरुजींना एक विचारायचे आहे. आमच्याकडे ओला दोर छातीसमोर एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत ओढत “एक वाव, दोन वाव” असे मोजतात, त्यामुळे ज्याचे हात लांब त्याचा वाव मोठा. हा शब्द आम्ही स्त्रीलिंगी वापरतो, तर ‘संधी’ या अर्थाचा वाव पुल्लिंगी आहे. हे दोन्ही एकच शब्द आहेत काय?

वल्हेकरी (मालवण):
आजोबांच्या तोंडी दोन्ही पुल्लिंगीच होते.