सापुताऱ्याला चाललाय ना? मग म्युझियमला वेळ ठेवा

आत्या: मंडळी, मिनू शनिवारी पहाटे मुलांना घेऊन सापुताऱ्याला, गुजरातच्या डांग जिल्ह्यातल्या थंड हवेच्या ठिकाणी, निघतेय. दोन दिवसांत काय काय होईल? नाना, तुम्ही नुकतेच जाऊन आलात ना?

नाना: हो. बोटिंग, रोपवे, सनसेट पॉइंट कोणीही सांगेल. मी एकच सांगतो, तिथल्या छोट्या म्युझियमला दीड तास ठेव.

मिनू: दीड तास? लोक तर म्हणतात वीस मिनिटांत बघून होतं 😮

नाना: नुसतं चालत गेलं तर होतं. पहिल्या फेरीत आम्हीही तसेच बाहेर येत होतो. पावरीच्या कपाटाशी तिथले एक कर्मचारी उभे होते. काकूने त्यांना विचारलं, "दादा, ह्यात फुंकायचं कुठून?" तिथून तासभर आम्ही त्यांच्यामागे. पावरी म्हणजे वाळवलेला दुधी, त्याला बांबूच्या नळ्या आणि टोकाला शिंग. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात ती रात्रभर वाजते. त्यांचा भाऊ वाजवतो, मोबाइलवर ऐकवलंन. अंगावर काटा आला.

काकू: आणि ते डांगीत बोलत होते, मला सगळं कळत होतं! आमच्या सुरगाण्याकडची माणसं बोलतात तसंच. नाचणीला तेही नागलीच म्हणतात.

दादा: कळणारच. डांग मुंबई राज्यात होता. १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा तो गुजरातकडे गेला. डांगी मराठी की गुजराती, यावर तेव्हा केवढा वाद झाला होता. बाबा सांगायचे.

मिनू: हे मला माहीतच नव्हतं. पण मुलांचं काय? बडोद्याला कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा बघितलाय त्यांनी. इथे कंटाळतील.

नाना: देवमाशाएवढं मोठं इथे काहीच नाही. वस्तू घरातल्या, रानातल्या. गवताचे दागिने, पेंढा भरलेले पक्षी, दगडी हत्यारं. मुलांना वाघदेव दाखव. गावाच्या शिवेवर पुजतात तो, त्यावर चंद्र, सूर्य, वाघ, नाग कोरलेले असतात. ज्या रानात वाघ होता तिथे वाघालाच देव केलं, हे मुलांना सांग, बघ कशी थबकतात. भवाड्याच्या मुखवट्यांबद्दलही विचार. जव्हार-मोखाड्याकडचा मुखवटे घालून नाचायचा बोहाडा असतो ना, भवाडाही त्याच जातकुळीतला.

दादा: नाना, डांगच्या राजांचं पण सांगा.

नाना: तेच लिहीत होतो. इंग्रजांना सागवान हवं होतं, जहाजांसाठी. १८४२ मध्ये त्यांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगल पट्ट्याने घेतलं. त्याचे पैसे दरसाल दरबार भरवून द्यायचे. आजही होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो आणि पाच राजघराण्यांच्या वारसांना सरकार सालियाना देतं. आपल्याकडे संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले, यांचं मात्र चालू राहिलं. ते भाड्याचे पैसे होते, बक्षिसी नव्हती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आत्या: बडोद्याचा काही संबंध?

नाना: आहे तर! बिलिमोरा-वघई छोटी गाडी गायकवाडी रेल्वेची. ६३ किलोमीटर, अडीच फुटी रूळ. डांगचं लाकूड खाली आणायला ती फार कामी आली. मिनू, वघईवरूनच वर चढा, स्टेशनाशी पाच मिनिटं थांबा.

मिनू: थांबते. आणि मुलांना पावरीचे प्रश्न आधीच लिहून देते. ते म्युझियममधले दादा भेटतील ना?

काकू: भेटले तर माझं एक काम कर. त्यांचा पावरीच्या कपाटाशेजारचा फोटो मी काढला होता, मोठा छापून घेतलाय. पाठवीन म्हणून शब्द दिलाय. शुक्रवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा, जेवूनच जा.

मिनू: नक्की काकू. सातला येते.