पोरांचा पायथन कोड सर्व्हरवर सेफ कसा चालवायचा?

गंगापूररोडकर: नमस्कार मंडळी, नाशिकला आमचा छोटा कोडिंग क्लास आहे, सरावासाठी साइट बनवलीय, पोरं पायथन लिहितात, रन दाबलं की आमच्या सर्व्हरवर एक्झेकने (मजकूर कोड म्हणून चालवणारं पायथनचं फंक्शन) चालतं. फाइल उघडणारं ओपन आणि मॉड्यूल आणणारं इम्पोर्ट काढून टाकलेत. काल एकाने लूपमध्ये लिस्ट वाढवत नेली, रॅम संपली आणि अख्ख्या बॅचची टेस्ट बंद पडली. त्याची चूक नाही हो, लूपच शिकतोय तो. अजून काय काय ब्लॉक करू?

सातपूरचा_सिस्टिमवाला: दादा, ब्लॉक करत बसाल तर कधी संपणार नाही. साध्या रिकाम्या टपलवरून (पायथनची न बदलणारी यादी) त्याचा क्लास, तिथून ऑब्जेक्ट, मग सबक्लासेस मागवले की लोड झालेले क्लास हातात येतात आणि त्यातल्या एखाद्यातून सर्व्हरवर कमांड चालवू देणारं ओएस मॉड्यूल गाठता येतं, इम्पोर्ट लिहायलाच लागत नाही. जावास्क्रिप्टवाल्या नोडमधलं, कोड वेगळा चालवणारं व्हीएम मॉड्यूलही सिक्युरिटीसाठी नाही, डॉक्युमेंटेशनमध्येच तसं लिहिलंय. कुंपण भाषेच्या बाहेर घाला.

गंगापूररोडकर: मग डॉकर, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणारं टूल, पुरेल का?

सातपूरचा_सिस्टिमवाला: सुरुवातीला चालेल, पण नीट आवळून. दर रनला नवा कंटेनर, नेटवर्क बंद, फाइलसिस्टिम रीड-ओन्ली, रूट (सगळे अधिकार असलेला) युजर नको, कॅपेबिलिटीज (रूटचे सुटे सुटे अधिकार) सगळ्या काढा, प्रोसेसची संख्या ६४ वर अडवा. मेमरी १२८ एमबी दिली तर मेमरी-स्वॅपही (रॅम आणि डिस्कवरचा स्वॅप मिळून) १२८च लिहा, नाहीतर स्वॅपमधून अजून तेवढीच खातो. टाइमआउटमध्ये मी स्वतः फसलोय, ५ सेकंदांनी डॉकर रन कमांड किल करत होतो, कमांड मरायची पण कंटेनर मागे चालूच, सकाळी बघतो तर ४० पडलेले. कंटेनरलाच नावाने किल करा. आउटपुटलाही लिमिट ठेवा, प्रिंटच्या लूपने लॉग फुगून डिस्क भरते. आणि डॉकरचं सॉकेट (डॉकरला हुकूम द्यायची वाट) आत माउंट केलंत तर होस्टचा (मूळ मशीनचा) रूटच दिल्यासारखं आहे, ते अजिबात नको.

पंचवटी_पायथन: वरचं सगळं बरोबर, पण कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) होस्टचाच असतो हे विसरू नका, २०१९ मध्ये रनसीतल्या (डॉकरचे कंटेनर सुरू करणारा प्रोग्राम) होलमधून कंटेनरमधला कोड होस्टवर रूट मिळवू शकत होता. म्हणून जीव्हायझर टाका, कोडने कर्नलकडे केलेली मागणी, म्हणजे सिस्टिम कॉल, आधी तो झेलतो, डॉकरमध्ये रनटाइम बदलला की झालं, स्वस्त व्हीपीएसवरही (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) चालतो. छोटी व्हर्च्युअल मशीन बनवणाऱ्या फायरक्रॅकरला केव्हीएम (लिनक्सची व्हर्च्युअलायझेशनची सोय) लागतं, ते तिथे बहुतेक मिळत नाही. आणि नुसत्या सरावाला सर्व्हर कशाला, पायोडाइडने (ब्राउजरमध्ये चालणारं पायथन) पोराच्याच ब्राउजरमध्ये चालवा, लूप अडकला तर त्याचाच टॅब अडकेल. मार्कांची टेस्ट मात्र सर्व्हरवरच.

गंगापूररोडकर: हे पटलं. एक्झेक आत्ताच बंद केलं, सरावाचं पान पायोडाइडवर नेतो, रविवारच्या टेस्टआधी जीव्हायझर लावतो. भाऊ, तो कंटेनर किल करायचा भाग तुम्ही कुठून करता, वेब अ‍ॅपमधून की वेगळ्या वर्करमधून (मागे कामं करणारा वेगळा प्रोग्राम)?

सातपूरचा_सिस्टिमवाला: वेगळा वर्कर, वेगळ्या मशीनवर. त्या मशीनवर डेटाबेसचा पासवर्डसुद्धा ठेवू नका.